नियमांच्या मसुद्यावर हरकती-सूचना कशा लिहाव्यात

आरोग्य, दिव्यांगत्व किंवा कुटुंबविषयक कायद्यांवर काम करणाऱ्या संस्थेवर ही वेळ येतेच. सरकार नियमांचा मसुदा प्रसिद्ध करतं, हरकती-सूचना मागवतं आणि आपण घाईघाईने एक लांबलचक निवेदन पाठवून मोकळे होतो. ‘निवेदन सविस्तर द्या, वजन पडतं’ असं कोणी सांगितलं की मी आता तिथेच थांबवते. वजन पडत नाही.

आधी राजपत्रातला मूळ मसुदा मिळवा. बातमी वाचून लिहू नका. मुदत कधी संपते तेही मसुद्यातच पाहा. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे असायला हवा, पण त्यातला पहिला आठवडा कळण्यातच जातो.

मग मूळ कायदा शेजारी ठेवून वाचा. नियम कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये लक्षणीय दिव्यांगत्वासाठी 40 टक्क्यांची अट कायद्यातच आहे. ती कमी करा असं नियमांच्या मसुद्यावर लिहिणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. ती मागणी संसदेकडे करायची.

ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांना बैठकीला बोलवा. कर्णबधिर सदस्य असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषा हवाच. पालकांनी पाल्याच्या वतीने सगळं बोलून टाकू नये.

आता खरं अवघड काम. इथेच मी स्वतः अडखळले होते.

आमच्या पालकसंघटनेने पहिल्यांदा अकरा पानं पाठवली. प्रत्येक घरातला त्रास त्यात होता आणि एकही शब्द खोटा नव्हता. अंतिम नियम आले तेव्हा मसुद्यातला स्वल्पविरामही हलला नव्हता. त्या अकरा पानांत ‘या कलमाऐवजी हे लिहा’ असं एकही वाक्य नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला आपली व्यथा कळली तरी त्याच्या हातात शेवटी एक वाक्य असतं. दुसरं वाक्य आपण दिलं नाही, तर पहिलंच राहतं.

म्हणून तीन रकाने आखा: मसुद्यातला मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. समजा मसुद्यात आहे, ‘अर्जदाराने तपासणीसाठी स्वतः उपस्थित राहावे.’ यावर ‘अंथरुणाला खिळलेल्यांचे हाल होतात, सहानुभूतीने विचार व्हावा’ असं लिहाल तर काहीच होणार नाही. दुसऱ्या रकान्यात लिहा: ‘अर्जदार प्रवास करण्यास असमर्थ असल्यास, वैद्यकीय प्राधिकारी अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत त्याच्या निवासस्थानी तपासणी करील.’ कोण करणार, किती दिवसांत, कुठे, हे तिन्ही आलं. कारणाच्या रकान्यात एकच प्रसंग पुरतो: पंचवीस वर्षांच्या मुलाला दोन मजले पाठीवर घेऊन उतरणारी आई. तीन ओळी, बस. तिथे कळवळून लिहा, पण कलमाला चिकटून.

क्रियापदांवर पेन्सिल फिरवा. ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांत माणसाचं आयुष्य अडकतं. ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ दिसलं की अधोरेखित करा आणि ते का नको ते लिहा. हा शब्दच्छल नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 40 सांगतं की सुगम्यतेची, म्हणजे इमारती-सेवा दिव्यांगांना वापरता येण्याची, मानकं नियमांनी ठरवावीत. 2017 च्या नियमांतल्या नियम 15 ने मात्र बंधनकारक नसलेल्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं तीन महिन्यांत आखायला सांगितलं. रॅम्प नसलेल्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या फरकासाठी सात वर्षं थांबावं लागलं.

आणखी एक. तयार नमुना सगळ्यांना वाटून शंभर सह्यांनी पाठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझा त्याला विरोध आहे. शंभर जणांनी एकच मजकूर पाठवला तर मुद्दा एकच राहतो. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या कलमांवर पर्यायी वाक्यं द्यावीत. चांगल्या कलमांना पाठिंबाही लेखी द्या. विरोध करणारे लिहितातच, आणि आपण गप्प राहिलो तर चांगलं कलम निघून जातं.

ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा, पोचपावती जपा.

पुढचा पाठपुरावा बहुतेक संस्था सोडून देतात. कायद्याने पूर्वप्रसिद्धी, म्हणजे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करणं, बंधनकारक असेल, तर सर्वसाधारण खंड अधिनियम, 1897 च्या कलम 23 नुसार आलेल्या हरकती-सूचना विचारात घेणं हे प्राधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. नियम अंतिम झाले की माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्रासाठी शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘आमच्या सूचनांचा विचार झाला का’ असं विचारू नका, ‘हो’ एवढंच उत्तर येईल. आलेल्या सूचनांचा तक्ता आणि प्रत्येकीवर अधिकाऱ्यांनी फाइलमध्ये लिहिलेले टिपणीचे शेरे, यांच्या प्रती मागा. आपलं वाक्य कुठे आणि का अडलं ते त्या शेऱ्यात सापडतं. पुढचा मसुदा आला की कारणाचा रकाना त्या शेऱ्यापासूनच लिहायला घ्या.