स्वस्त शहर, पण कुणासाठी? परदेशात राहून काम करायचं गाव कसं ठरवावं

पहिल्या वेळी मी शहर ठरवलं ते निव्वळ भाड्यावरून. चिआंग माईमध्ये महिन्याला 10,000 थाई बातला एकटीपुरती खोली मिळत होती, बाल्कनीतून डोंगर दिसतो असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि लंडनच्या एका स्टुडिओचं सबटायटलचं काम हातात होतं. तीन महिन्यांचा करार करून फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे पोचले. डोंगर पहिल्यांदा दिसला तो मे महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर.

उत्तर थायलंडमध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतातली धाटं आणि जंगलातला पालापाचोळा जळत असतो. शहर डोंगरांच्या मधल्या खोलगटात, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. मी खिडक्या बंद केल्या, हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलं, दिवसभर एसी लावला. विजेचा दर घरमालकाने स्वतःच ठरवलेला, सरकारी दराच्या जवळपास दुप्पट. एप्रिलमध्ये दहा दिवस समुद्राकाठी पळाले, तेव्हा इकडचं भाडं चालूच. परतल्यावर हिशोब मांडला तर वरखर्च दीड महिन्याच्या भाड्याइतका भरला, आणि नव्वद दिवसांत धड काम झालेले दिवस निघाले बावन्न.

तेव्हापासून मी शहर निवडत नाही, शहरं गाळते. दहा-बारा नावं कागदावर लिहायची आणि एकेका प्रश्नावर खोडत जायचं. भाडं हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी पाहिलं की मन तिथेच अडकतं.

सुरुवात पासपोर्टपासून. तुमच्या पासपोर्टवर तिथे किती दिवस राहता येतं, आणि राहून बाहेरच्या देशातल्या क्लायंटचं काम करता येतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टूरिस्ट व्हिसाच्या नियमांत बऱ्याचदा धूसर असतं, म्हणून नियम त्या देशाच्या सरकारी पानावरच वाचावेत, ओळखीतल्या कुणाचं 'काही होत नाही गं' ऐकून निघू नये. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023पासून सगळ्या देशांच्या पासपोर्टना 90 दिवसांचा मिळतो, पण तो घरबसल्या कामासाठीचा वेगळा व्हिसा नाही. शिवाय पुढे राहायचं तर साधारणपणे देशाबाहेर जाऊन नवा घ्यावा लागतो, तेव्हा ते तिकीटही खर्चात धरा. थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे तिथे राहून बाहेरच्या क्लायंटचं काम करणाऱ्यांनाही मिळणारा व्हिसा, 2024मध्ये आला. मुदत 5 वर्षं, प्रत्येक वेळी 180 दिवस, आणि खात्यात 5 लाख बात दाखवावे लागतात. त्याची फी साधारण 10,000 बात, म्हणजे माझ्या त्या खोलीचं महिन्याचं भाडं. तीन-चार वेळा जाणाऱ्याला तो परवडतो, एकदाच जाणाऱ्याने दोनदा विचार करावा. मलेशियाच्या डीई रंताऊ पासला, म्हणजे तिथल्या अशाच परवान्याला, तंत्रज्ञान आणि डिजिटल क्षेत्रातल्या लोकांना वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, बाकीच्यांना 60,000. माझं काम कोणत्या रकान्यात बसतं हे मी अर्ज भरण्याआधी विचारून घेतलं, तुम्हीही घ्या. पोर्तुगालचा अशा कामासाठीचा व्हिसा तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो, आणि किमान वेतन वाढलं की ही अटही आपोआप वर सरकते.

युरोपच्या बाबतीत एक गफलत फार जण करतात. 'नव्वद दिवस लिस्बन, मग नव्वद दिवस बर्लिन' असं नसतं. शेंगेनचे, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणारे युरोपातले, 29 देश मिळून कोणत्याही 180 दिवसांत 90, आणि सगळे एकाच खात्यातून वजा होतात.

कराचा प्रश्नही इथेच उरकून घ्यावा. बऱ्याच देशांत वर्षात 183 दिवस राहिलात की तुम्ही करापुरते तिथले रहिवासी ठरू शकता. शंका असेल तर एकदा सल्लागाराला पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

मग घड्याळ. लंडनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा जॉर्जिया देशातल्या त्बिलिसीत दुपारचा एक असतो आणि चिआंग माईत चार. म्हणजे लंडनची कामाची वेळ चिआंग माईत मध्यरात्री संपते. मला ते एक वेळ जमतं. न्यूयॉर्कचा क्लायंट असेल तर त्याची सकाळची मीटिंग तिथे रात्री नऊला सुरू होते, मग खोली कितीही स्वस्त असो, तीन आठवड्यांत माणूस चिडचिडा होतो. अशा वेळी कोलंबियातलं मेदेयीन बघावं, हिवाळ्यात तिथलं आणि न्यूयॉर्कचं घड्याळ एकच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क एक तास पुढे जातं, मेदेयीन जागचं हलत नाही. कॅलेंडरमध्ये हे आधीच लिहून ठेवा. मार्चमधल्या त्या एका तासाने माझी एक डेडलाइन खाल्ली आहे.

तिसरी चाळणी महिन्याची. शहराचं नाव एकटं कधी लिहू नका, सोबत महिना लिहा. 'दा नांग, मार्च' आणि 'दा नांग, ऑक्टोबर' ही व्हिएतनाममधली दोन वेगळी गावं आहेत, दुसऱ्यात पुराचं पाणी रस्त्यावर येऊ शकतं. 'त्बिलिसी, मे' सुंदर. जानेवारीत मी तिथे जुन्या इमारतीत राहिले, तर अख्ख्या घरात गॅसचा हीटर एकाच खोलीत, आणि टेबल दुसऱ्या. आठवडाभर पलंगावर पाय पोटाशी घेऊन सबटायटलचं टायमिंग लावत बसले.

आता पैसे. परदेशातली स्वस्ताई बऱ्याचदा विनिमय दराची असते आणि दराबरोबर निघून जाते. अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्समध्ये 2023मध्ये समांतर बाजारात डॉलर मोडणाऱ्यांची चैन होती, कारण सरकारी दर आणि त्या दरात मोठी तफावत होती. त्या वर्षीची महागाई 211 टक्के. 2024मध्ये तिथल्या किमती डॉलरमध्येही चढत गेल्या आणि जुन्या सल्ल्यावर विसंबून गेलेले हात चोळत बसले. त्बिलिसीतही 2022मध्ये रशियातून लोंढा आला आणि भाडी भराभर वाढली. म्हणून सहा महिन्यांहून जुना आकडा मी धरतच नाही. नम्बिओसारख्या, शहरोशहरीचा राहणीखर्च दाखवणाऱ्या साइटवरचे आकडे लोकांनीच भरलेले असतात. शहरांची आपसांत तुलना करायला ठीक, पण तीन महिन्यांसाठी सामानासकट खोली केवढ्याला पडेल हे त्यातून कळत नाही. एटीएमचं शुल्कही विसरतं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशेहून जास्त बात जातात, तेव्हा थोडे थोडे काढू नका. आणि 'तुमच्या चलनात रक्कम वळती करू का' असं यंत्राने विचारलं की नाही म्हणा.

विम्याबद्दल एवढंच: चिआंग माई, दा नांग अशा ठिकाणी सगळे स्कूटर चालवतात, पण तिथे चालणारं लायसन्स नसताना अपघात झाला तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

एवढं गाळून दोन-तीन नावं उरतात. त्यातलं भाडं बघा, पण इथूनच महिनाभराचं बुकिंग करू नका. सात-आठ दिवसांची साधी जागा घ्या आणि पायी हिंडून घर शोधा. एकाच रस्त्यावर इंग्रजी पाटीच्या इमारतीत आणि स्थानिक भाषेतल्या हाताने लिहिलेल्या पाटीच्या इमारतीत भाड्याचा फरक चांगलाच असतो. खोली बघताना मी आधी खुर्चीत बसते. डायनिंगची खुर्ची असेल तर चांगल्या खुर्चीचे पैसे मनात भाड्यात मिळवते. मग लॅपटॉप काढून इंटरनेटचा वेग तपासते, तोही अपलोडचा. डाउनलोडचा आकडा सगळेच मिरवतात, पण मला तासाभराचा व्हिडिओ वर चढवायचा असतो. दुपारी घर पसंत पडलं तर रात्री नऊला पुन्हा जाऊन तपासते, तेव्हा अख्खी इमारत काही ना काही बघत असते. एका घरात दुपारचा चाळीस एमबीपीएस रात्री तीनवर आला, मालकीण राउटरकडे बघून हसली. ते घर सोडलं.

शेवटी मीटर. विजेचा दर युनिटला किती, ते करारात लिहून घ्या, आणि चावी हातात पडली की मीटरचा फोटो काढा. दा नांगमधून निघताना मालकाने सुरुवातीचा आकडा तीनशे युनिटने कमी सांगितला. मी फोन पुढे केला. त्याने फोटो मोठा करून बघितला, चष्मा काढून पुसला आणि डिपॉझिटच्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.