सीएफएसमध्ये पोट लवकर रिकामं होत नसेल तर काय करायचं

सकाळी नऊला खाल्लेल्या पोह्यांचे ढेकर दुपारी दोनला, चार घासांतच पोट गच्च, वर मळमळ. ताईचं वर्षभर हेच चाललं होतं आणि आम्ही ॲसिडिटी म्हणून सोडून देत होतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोमवाल्यांमध्ये (सीएफएस, म्हणजे विश्रांती घेऊनही न जाणारा दीर्घकाळचा थकवा) हे दिसतं, २००४ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ३२ पैकी २३ पेशंटचं पोट उशिरा रिकामं होत होतं, त्यामुळे कोणी 'मनाचं आहे' म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. एंडोस्कोपी करून कुठे अडथळा नाही ना ते बघतात, मग गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन (पोट किती वेळात रिकामं होतं ते बघणारा), त्यात ४ तासांनंतरही १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न पोटात उरलं तर पोट मंद आहे असं धरतात. जाताना चालू गोळ्यांची पूर्ण लिस्ट न्या, कारण ॲमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल अशा दुखण्यावर देतात त्या गोळ्यांनी पोट अजून मंद होतं (पण मनाने बंद करू नका हां).

खाण्यात दोन जेवणांचे सहा छोटे भाग करा, म्हणजे दिवसात पाच-सहा वेळा वाटीभरच. तेलतूप आणि चोथा, दोन्ही कमी. गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, सालं काढून शिजवून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा, नाचणीचं सत्त्व हे चालतं. मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडी, तळण नको. अगदी वाईट दिवशी ताई सत्त्वाची पेज कपात घेऊन घोट घोट पिते, अर्धा तास लागतो, पण ती पोटात टिकते. पातळ पदार्थ घट्टपेक्षा लवकर पुढे सरकतात ना, म्हणून.

आता शतपावली. घरातले मोठे सांगतात जेवलीस की चाल, आणि बाकीच्यांना ते बरोबरच आहे, पण सीएफएसमध्ये जास्तीच्या हालचालीने दुसऱ्या दिवशी माणूस पलंगावरून उठत नाही. झेपेल तेवढंच चाला, नाहीतर पाठीला दोन-तीन उशा लावून तास-दोन तास टेकून बसा, फक्त आडवं होऊ नका. स्वयंपाकही स्टुलावर बसून, आणि बऱ्या दिवशी जास्तीचं वरण घोटून फ्रीझरमध्ये वाट्या भरून ठेवा.

डॉमपेरिडॉन (मळमळ-उलटीची गोळी) मेडिकलमधून आपलं आपण आणून रोज घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, डॉक्टर गरजेप्रमाणे आधी ईसीजी काढतात. पाणीसुद्धा टिकत नसेल, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन सारखं उतरत असेल तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा.