फ्लोरिनयुक्त रबराच्या निर्मितीपद्धतीचे पेटंट : अर्ज करताना या चुका टाळा

फ्लोरिनयुक्त रबर तयार करण्याच्या पद्धतींचे पेटंट अर्ज मी गेली अनेक वर्षे नागपुरातून तयार करतो आहे, आणि परीक्षणात अडकलेले अर्ज दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांतल्या चुका पुन्हा पुन्हा त्याच असतात. रसायनशास्त्र सहसा बरोबर असते. यंत्रावर घाम गाळलेला असतो, माल चाचणीत उतरलेला असतो. अर्ज अडकतो तो स्पेसिफिकेशनमुळे, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनामुळे, कारण ते कोणीतरी दोन दिवसांत उरकलेले असते आणि 'परीक्षकाने विचारले तर तेव्हा सांगू' या भरवशावर निम्मी माहिती मागे ठेवलेली असते. पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती करता येते ती क्लेमचा (ज्या बाबीवर हक्क मागितला त्या मजकुराचा) काही भाग सोडून देण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा स्पष्टीकरणापुरती. मूळ मजकुरात जी बाब उघड केलेली नाही, ती नंतर आत घेता येत नाही. हे एक कलम आधी वाचले असते तर पुढे सांगितलेल्या चुकांपैकी अर्ध्या झाल्याच नसत्या.

सुरुवात नावापासून करतो. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कोणतेही फ्लोरिनयुक्त रबर असो, त्याला सरसकट 'विटॉन' म्हणतात. दुकानात ते चालते, क्लेममध्ये चालत नाही. विटॉन हे १९५७ पासून बाजारात असलेले व्यापारी नाव आहे आणि त्या एका नावाखाली वेगवेगळे गम, म्हणजे कच्ची रबरे, येतात. व्हिनिलिडीन फ्लोराइड आणि हेक्साफ्लुओरोप्रोपिलीन या दोन मोनोमरांच्या (पॉलिमरच्या मूळ घटकांच्या) गममध्ये फ्लोरिन साधारण ६६ टक्के असते, तर टेट्राफ्लुओरोइथिलीन हा तिसरा मोनोमर आला की ते ६८ ते ७० टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्याबरोबर तेल-इंधनाला होणारा विरोध व थंडीतली लवचिकता दोन्ही बदलतात. त्यामुळे मोनोमर, त्यांचे प्रमाण, फ्लोरिनची टक्केवारी आणि मूनी व्हिस्कॉसिटी (कच्च्या रबराच्या घट्टपणाचे माप), तीही कोणत्या तापमानाला मोजली यासह, हे सारे लिहावेच लागते.

आता त्या चुकीकडे येतो जी मला सर्वांत जास्त खुपते, आणि ती म्हणजे फसलेल्या बॅच लपवणे.

काही वर्षांपूर्वी जाड सील आणि रिंगा बनवणारे एक उद्योजक त्यांचा परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, घेऊन माझ्याकडे आले. अर्ज दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला होता. त्यांची पद्धत खरोखर चांगली होती. बिस्फिनॉलने व्हल्कनाइझ होणाऱ्या फ्लोरिनयुक्त रबरात क्युरिंगच्या, म्हणजे उष्णतेने रबर पक्के होण्याच्या, वेळी साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड सुटते, ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड शोषून घेतात आणि त्या अभिक्रियेत पाणी तयार होते. पातळ शीटमधून हे पाणी सहज निघून जाते, पण जाड वस्तू प्रेसमधून काढून थेट २३० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली तर आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि रिंग आतून चिरते. म्हणून पोस्ट-क्युअरचे, म्हणजे प्रेसनंतर ओव्हनमध्ये पुन्हा तापवण्याचे, तापमान टप्प्याटप्प्याने वाढवण्याची रीत या धंद्यात जुनी आहे आणि रबर कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही ती छापलेली असते. या उद्योजकांनी एक पाऊल पुढे टाकले होते. ते घड्याळ पाहून टप्पा बदलत नसत. प्रत्येक टप्प्यावर नमुन्याची रिंग बाहेर काढून तिचे वजन करत आणि वजनातली घट ठरावीक मर्यादेखाली आली की मगच तापमान वाढवत. त्यामुळे वेगवेगळ्या जाडीच्या मालाला एकच नियम लागू पडत होता आणि नासाडी जवळजवळ थांबली होती.

अर्जात मात्र यातले काय होते? 'वस्तू १५० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाला, टप्प्याटप्प्याने, ४ ते ४८ तास, प्रत्येक टप्प्यावर योग्य वेळ ठेवावी.' वजनाचा उल्लेख नव्हता. उदाहरणे तीन, तिन्ही यशस्वी, तिन्हींतला पोस्ट-क्युअर सारखाच. परीक्षकाने एक जुना जपानी पेटंट अर्ज समोर ठेवला, ज्यात टप्प्यांचा पोस्ट-क्युअर होता आणि तापमानाची कक्षा यांच्या कक्षेवर पूर्ण बसत होती. हरकत सरळ होती : पद्धत जाणकार माणसाला सहज सुचणारी आहे आणि ज्ञात पद्धतीपेक्षा कोणताही तांत्रिक लाभ दाखवलेला नाही. त्या मजकुरावर दुसरी हरकत निघणे शक्यही नव्हते.

मी त्यांना कारखान्याची प्रयोगवही आणायला सांगितली. वहीत अकरा बॅच होत्या, त्यांपैकी निम्म्याहून अधिक फसलेल्या. थेट २३० अंशांना नेलेली रिंग चिरलेली, घड्याळावर चालवलेली जाड रिंग चिरलेली, त्याच घड्याळावर पातळ रिंग ठीक, आणि वजन पाहून चालवलेल्या चारही बॅच शाबूत. परीक्षकाला हवा असलेला सगळा पुरावा त्या वहीच्या सहा पानांत होता. मी विचारले, या बॅच अर्जात का घातल्या नाहीत? ते म्हणाले, "साहेब, फसलेला माल कशाला दाखवायचा? आणि वजनाची गोष्ट तर आमचे गुपित आहे, ती जगाला कशी सांगायची?"

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नव्हती, पण अर्ज वाचवण्याचा मार्ग उरला नव्हता. फसलेल्या बॅचची आकडेवारी उत्तरासोबत शपथपत्राने मांडता आली असती, पण ती ज्या वैशिष्ट्याला आधार देत होती ते वैशिष्ट्यच मजकुरात नव्हते आणि कलम ५९ मुळे ते आत घेता येत नव्हते. 'योग्य वेळ' या दोन शब्दांतून वजनाचा निकष काढून दाखवणे कोणालाही शक्य नव्हते. नवा अर्ज करावा असाही विचार झाला, परंतु तोवर त्याच पद्धतीने दोन वर्षे माल बनवून विकला जात होता, आणि अर्जाच्या आधी शोधाचा भारतात गुप्तपणे वापर झाला असेल तर कलम ६४ खाली ते पेटंट रद्द करून घेण्याचे कारण ठरते. त्यांनी तो नाद सोडला. आजही त्यांचा माल उत्तम निघतो, पण उद्या शेजारच्या प्लॉटवरच्या माणसाने तीच पद्धत स्वतःहून शोधली तर त्याला थांबवण्याचे साधन त्यांच्या हाती नाही.

तेव्हापासून मी टाइप केलेला अहवाल स्वीकारत नाही. उद्योजकाने डाग पडलेली, खाडाखोड असलेली मूळ वही आणावी आणि आम्ही दोघांनी ती पहिल्या पानापासून वाचावी, ही माझी अट आहे. फसलेल्या प्रत्येक बॅचपाशी थांबून मी एकच विचारतो, की ही आणि पुढची यशस्वी बॅच यांत नेमका कोणता एक फरक होता. फरक एकच असेल तर ती जोडी तुलनात्मक उदाहरण म्हणून अर्जात जाते. दोन-तीन गोष्टी एकदम बदललेल्या असतील तर मी मधली बॅच करून आणायला सांगतो. यावर बहुतेक जण कुरकुर करतात, एक ओव्हन अडकते, चार दिवस जातात. मला हा वेळ वाया गेलेला वाटत नाही, आणि ज्यांना तो वाटतो त्यांचे काम मी घेत नाही.

गुपिताबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ही चूक हुशार माणसेच करतात. पेटंट हा सौदा आहे : पद्धत पूर्ण उघड करायची आणि त्या बदल्यात दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षे हक्क घ्यायचा. कलम १०(४) सांगते की शोध आणि तो अमलात आणण्याची पद्धत पूर्णपणे व नेमकेपणाने वर्णन केलेली असावी आणि अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड केलेली असावी. पॉलिमरायझेशनच्या अर्जांत ही लपवाछपवी सर्फॅक्टंटपाशी, म्हणजे पाण्यात थेंब विखुरलेले ठेवणाऱ्या साबणासारख्या पदार्थापाशी, आढळते. पाण्यातल्या इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये पूर्वी परफ्लुओरोऑक्टॅनॉइक आम्लाचा अमोनियम क्षार सर्रास वापरला जात असे. ते आम्ल, त्याचे क्षार आणि संबंधित संयुगे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आली, आणि आता पर्यायी सर्फॅक्टंट किंवा सर्फॅक्टंटशिवायची पद्धत हाच अनेक अर्जांचा गाभा असतो. अशा अर्जात 'एक योग्य बिगर-फ्लोरिन सर्फॅक्टंट' असे लिहून पुढे जाणे म्हणजे शोधच न सांगणे होय. इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारा) अमोनियम परसल्फेट किती, तो एकदम घातला की थोडा थोडा, आयोडीनयुक्त चेन ट्रान्सफर एजंट (साखळीची लांबी आवरणारा) केव्हा सोडला, दाब कसा राखला, लॅटेक्स (पाण्यात विखुरलेले रबर) कोणत्या क्षाराने गोठवला, गम किती वेळा धुतला, हे सगळे लिहायचे असते. गुपितच ठेवायचे असेल तर ते कुलपात ठेवावे आणि अर्ज करू नये. तोही निर्णय रास्त असतो. अर्धे सांगून अर्धे ठेवले तर अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, सांगितलेले अर्धे सर्वांचे होते आणि हक्क मिळत नाही.

माझी एक सवय येथे उपयोगी पडते. मसुदा पूर्ण झाला की मी तो पॉलिमर शिकलेल्या पण त्या कारखान्यात कधीही न गेलेल्या एखाद्या तरुण अभियंत्याला, गोपनीयतेचा करार करून, वाचायला देतो आणि त्याला कागदावर बॅचशीट लिहायला सांगतो. नागपुरात १९४२ पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, त्यामुळे असा वाचक मिळायला अडचण पडत नाही. जेथे त्याचे पेन थांबते, तेथे परीक्षकाची हरकत येणार हे मी धरून चालतो.

आकड्यांच्या बाबतीतला निष्काळजीपणाही असाच महागात पडतो. 'कॉम्प्रेशन सेट (दाब काढल्यावर रबरात उरणारा चपटेपणा) १८ टक्के' एवढे लिहून काहीच सांगितले जात नाही. कोणते प्रमाण, आयएसओ ८१५ की एएसटीएम डी ३९५, तापमान २०० अंश की आणखी काही, ७० तास की जास्त, नमुना ओ-रिंगचा की बटणाचा, दाब किती टक्के, हे नसेल तर तो आकडा प्रायर आर्टमधल्या, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेल्या माहितीतल्या, आकड्याशी ताडून पाहताच येत नाही. माझ्या एका अर्जात ओ-रिंगवरचे आकडे आणि बटणावरचे आकडे एकाच तक्त्यात आले होते आणि हिअरिंगमध्ये ते समजावून सांगण्यात सगळा वेळ गेला. आता तक्त्याच्या डोक्यावर चाचणीच्या अटी लिहिल्याखेरीज मी आकडे भरतच नाही.

प्रायर आर्टचा शोध इंग्रजी शब्द टाकून दहा मिनिटांत संपवू नये. या क्षेत्रातले बरेच काम जपानी कंपन्यांचे आहे आणि त्यांचे जुने अर्ज पेटंट वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधले तरच सापडतात. व्हिनिलिडीन फ्लोराइडच्या पॉलिमरसाठी सी०८एफ २१४/२२, इमल्शन पॉलिमरायझेशनसाठी सी०८एफ २/२२ आणि कंपाउंडसाठी (गममध्ये इतर घटक मिसळून केलेल्या मिश्रणासाठी) सी०८एल २७/१६ येथून सुरुवात करावी आणि प्रत्येक कागदाची उदाहरणे वाचावीत, फक्त सारांश नव्हे. नागपुरात पेटंट माहितीचे कार्यालय १९८० पासून आहे आणि परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्थाही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. एवढे सगळे शहरात असूनही शोध न घेता आलेले अर्ज पाहिले की वाईट वाटते.

कलम ३(ई)ची हरकत कंपाउंडच्या कृतीवर जवळजवळ हमखास येते : हे घटकांचे नुसते मिश्रण आहे आणि गुणांची फक्त बेरीज झाली आहे. त्यावर तत्त्वज्ञान लिहून उपयोग नसतो. प्रत्येक घटक एकटा आणि सगळे एकत्र अशा बॅचची आकडेवारी हेच उत्तर असते. कलम ३(डी)ही पाहून ठेवावे, कारण ज्ञात पद्धतीचा नुसता वापर हा शोध मानला जात नाही, जोवर तिच्यातून नवे उत्पादन निघत नाही किंवा तिच्यात किमान एक नवा अभिकारक वापरला जात नाही.

गम जुनाच असेल तर गमवर क्लेम मागण्याचा हट्ट धरू नये. कलम ४८ प्रमाणे पद्धतीचे पेटंट त्या पद्धतीतून थेट मिळालेल्या उत्पादनापर्यंत पोहोचते.

परिषदेत निबंध वाचण्याआधी अर्ज दाखल करावा.

मुदतींबाबत ढिलाई करणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, कारण तिथे गेलेला अर्ज विनाकारण जातो. १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार नव्या अर्जांसाठी परीक्षणाची विनंती प्राधान्य तारखेपासून ३१ महिन्यांत करायची आहे. पूर्वीचे ४८ महिने डोक्यात ठेवून बसलेले लोक मला अजून भेटतात. एफईआरला उत्तर देण्यासाठी सहा महिने मिळतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन, आणि परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरपासून तीन महिन्यांत द्यायचा असतो. मी एफईआर हातात आला त्याच दिवशी उद्योजकाला फोन करून ओव्हन कधी मोकळे आहे ते विचारतो, कारण तुलनेची एखादी बॅच पुन्हा करायची ठरली तर चोवीस तासांचा पोस्ट-क्युअर, सत्तर तासांची चाचणी आणि प्रयोगशाळेची रांग मिळून महिना सहज निघून जातो. हिअरिंगनंतर लेखी म्हणणे द्यायला पंधराच दिवस असतात, आणि तेवढ्यात नवी रिंग ओव्हनमधून बाहेर काढून तिची चाचणी पूर्ण करणे आजवर मला एकदाही जमलेले नाही.