१०८ की खासगी अ‍ॅम्ब्युलन्स? पुण्यात या चुका टाळा

१०८ ची सरकारी सेवा राज्यात २०१४ पासून आहे, मोफत आहे, गाडीत डॉक्टर असतो. खासगी गाड्याही शहरात भरपूर आहेत. तरी वेळ वाया जातो, कारण या दोन्ही यंत्रणा एकमेकींना सांगत नाहीत आणि आपणही सांगत नाही.

घरचे १०८ लावतात, शेजारी ओळखीचा गाडीवाला बोलावतात. आधी येईल तिच्यात रुग्ण घाला, पण दुसरीला फोन करून ‘नको’ म्हणा. नाहीतर ती रिकाम्या खेपेत अडकते आणि खऱ्या गरजूला मिळत नाही.

गाडीवर अ‍ॅम्ब्युलन्स लिहिलंय म्हणून आत सगळं असेलच असं नाही. बऱ्याच खासगी गाड्यांत स्ट्रेचर आणि ऑक्सिजन एवढंच असतं. छातीत दुखत असेल तर फोनवरच विचारा: मॉनिटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आहे का? सोबत कोण येणार?

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र पेठेतल्या किंवा उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होममधून रुग्ण हलवताना होते. ‘ससूनला न्या’ किंवा ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’ एवढं सांगून गाडी सोडली जाते. तिथं पोचल्यावर कळतं, व्हेंटिलेटर रिकामा नाही. मग पुन्हा रस्ता. निघण्याआधी इथल्या डॉक्टरने तिथल्या डॉक्टरशी बोललंच पाहिजे, आणि नातेवाइकांनी तसा आग्रह धरायला संकोच करू नये. सोबत चिठ्ठी हवी: त्रास कधी सुरू झाला, कोणतं औषध किती वाजता दिलं, बीपी, ईसीजी. पक्षाघातात तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ही वेळ लिहाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. ती वेळ कुणालाच सांगता आली नाही, तर इंजेक्शनची संधी हुकू शकते.

डिपॉझिटवरून अडवलं तर गप्प बसू नका. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार देणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. धर्मादाय हॉस्पिटलांनी तर तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं असतं. ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तिथल्या समाजसेवकाला भेटा.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करताना पोलिसांची धास्ती नको. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ अ खालच्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.