प्रस्तरारोहणाची सुरुवात करताना : या चुका टाळा

नवशिका आरोहक पहिल्या काही चढाईंनंतर खाली उतरतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा एकच असते. कोपराखालचे स्नायू दगडासारखे कडक झालेले असतात, बोटे धड मिटत नाहीत, आणि आपल्या हातांत पुरेशी ताकद नाही असा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. पकड सतत घट्ट आवळून ठेवली की स्नायू आकुंचित अवस्थेतच राहतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि हात भरून येतात. त्यावर पुल-अप्स वाढवून फारसा फरक पडत नाही, कारण मूळ दोष ताकदीचा नसून शरीराचे वजन हातांवर टाकण्याच्या सवयीचा असतो.

विसावताना कोपर वाकलेले असेल तर दंडाचे स्नायू विनाकारण राबत राहतात, म्हणून हात सरळ ठेवून वजन हाडांच्या सांगाड्यावर लोंबू द्यावे. वर सरकताना आधी पाय उचलून नव्या आधारावर ठेवावेत, मग गुडघे सरळ करत उभे राहावे आणि हातांनी केवळ तोल सांभाळावा. पकड सुटणार नाही एवढाच जोर बोटांत ठेवायचा असतो. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, पण उंचीची भीती वाटू लागली की बोटे आपोआप आवळली जातात, त्यामुळे जमिनीपासून हातभर उंचीवर आडवे सरकत केलेला सराव येथे फार उपयोगी पडतो.

पाय घसरतो तो का?

पाऊल ठेवणाऱ्या नवशिक्याकडे जवळून पाहिले तर एक गोष्ट हमखास दिसते. तो आधाराकडे पाहतो, पाय उचलतो, पण बूट आधाराला टेकण्याच्या क्षणभर आधीच त्याची नजर पुढची पकड शोधण्यासाठी वर जाते. शेवटचे चार बोटांचे अंतर पाय आंधळेपणाने कापतो, बूट कातळाला घासत खाली येतो आणि मिळेल तेथे टेकतो. पाऊल पूर्ण स्थिरावेपर्यंत नजर तेथून हलवायची नाही आणि एकदा ठेवलेले पाऊल पुन्हा चुळबुळत बसायचे नाही, एवढा नियम पाळला तरी घसरण्याचे प्रमाण लक्षणीय कमी होते. पावलांचा आवाज अजिबात होऊ न देता चढण्याचा सराव यासाठीच करून घेतात.

पाऊल कसे ठेवावे हे आधारावर अवलंबून असते. बारीक कंगोऱ्यावर अंगठ्याजवळची आतली कड ठेवावी. तळव्याचा मधला भाग ठेवला तर घोटा फिरवता येत नाही आणि उंचीही कमी मिळते. जेथे कंगोराच नाही, केवळ खडबडीत उतार आहे, तेथे टाच खाली सोडून रबराचा जास्तीत जास्त भाग कातळावर दाबावा लागतो, कारण तेथे सारी भिस्त घर्षणावर असते. कमी चढाच्या कातळावर नवशिके भीतीने छाती दगडाला चिकटवतात आणि नेमके त्यामुळेच घसरतात. शरीर कातळाकडे झुकले की पावलांवरील दाब कमी होतो; कंबर किंचित मागे घेऊन पावलांवर उभे राहिले की बूट पुन्हा धरतो. उभ्या किंवा बाहेर झुकलेल्या भिंतीवर मात्र याच्या उलट, कंबर जितकी भिंतीजवळ नेता येईल तितके हातांवरचे ओझे हलके होते. एकाच सूचनेचा दोन्ही ठिकाणी आग्रह धरल्याने अनेकांचा गोंधळ होतो. पाय थरथर कापू लागला तर तो भित्रेपणा समजू नये. चवड्यावर बराच वेळ उभे राहून पोटरी थकलेली असते. टाच थोडी खाली आणून श्वास संथ सोडला की थरथर बहुधा थांबते.

गाठ, तपासणी आणि बिले

वरील चुकांची किंमत दमणूक आणि खरचटणे एवढीच असते. दोराच्या बाबतीतील चुकांचे तसे नाही, आणि माझ्या मते चढण्याच्या आधी बिले, म्हणजे खालून दोर सांभाळून आरोहकाचे पडणे रोखणे, नीट शिकण्याचा आग्रह प्रत्येकाने धरला पाहिजे.

१९८९ साली फ्रान्समधील ब्यूक्स येथे लिन हिल या अव्वल दर्जाच्या आरोहकाने हार्नेसमधून (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांमधून) दोर ओवला, पण लक्ष दुसरीकडे गेल्याने गाठ पूर्ण केली नाही. मार्ग संपवून खाली उतरण्यासाठी दोरावर भार टाकताच त्या वीस मीटरपेक्षा अधिक उंचीवरून कोसळल्या आणि झाडाच्या फांद्यांमुळे बचावल्या. १९९३ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीच्या एल कॅपिटन या कड्यावरील ‘द नोज’ हा मार्ग फ्री पद्धतीने, म्हणजे दोर केवळ सुरक्षेसाठी ठेवून हातापायांच्या बळावर, पूर्ण करणाऱ्या पहिल्या व्यक्ती याच. तेव्हा अनुभव असला म्हणजे तपासणी नको, असे मुळीच नाही. गाठ मारायला सुरुवात केली की ती पूर्ण होईपर्यंत बोलणे, बूट घालणे, फोन पाहणे, सारे बाजूला ठेवावे, आणि सोबत्याला गाठ मारताना पाहिले तर आपणही त्याच्याशी बोलू नये.

फिगर ऑफ एट ही इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ कमरेच्या आणि मांड्यांच्या अशा दोन्ही फाशांतून, म्हणजे बिले लूप (त्या दोन फाशांना जोडणारा हार्नेसचा मजबूत पट्टा) ज्या वाटेने जातो त्याच वाटेने, ओवलेली असावी. दोराच्या जोड्या समांतर दिसाव्यात, गाठ घट्ट ओढलेली असावी आणि मोकळे टोक दोराच्या जाडीच्या किमान दहापट उरावे. १० मिलिमीटर दोर असेल तर किमान १० सेंटिमीटर. त्यानंतर दोघांनी एकमेकांची तपासणी करायची असते : गाठ, दोन्ही हार्नेसची बकले, बिले उपकरणातून (दोराला ब्रेक लावणाऱ्या उपकरणातून) दोर योग्य दिशेने गेला आहे का, कॅराबिनरचे (ते हार्नेसला जोडणाऱ्या धातूच्या कडीचे) लॉक बंद आहे का. नुसते पाहून मान डोलावणे पुरेसे नाही. कॅराबिनर दाबून पाहावा, गाठ बोटांनी चाचपावी.

बिले देणाऱ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे ब्रेकचा हात, उपकरणातून बाहेर येणारा दोर धरणारा, दोरावरून सुटणे. दोर घेताना, देताना, घाम पुसताना, कोणत्याही क्षणी तो हात दोरावर असलाच पाहिजे. ग्रिग्रीसारखे ब्रेक लावण्यास मदत करणारे उपकरण स्वयंचलित आहे असे मानून काही जण निर्धास्त होतात, किंवा घाईने दोर देताना त्याचा कॅम (दोर दाबून अडवणारा फिरता भाग) मुठीत दाबून धरतात. त्या क्षणी आरोहक पडला तर उपकरण दोर पकडू शकत नाही. भिंतीपासून फार दूर उभे राहणेही धोक्याचे आहे, कारण झटका बसताच बिलेअर, म्हणजे बिले देणारा, पुढे खेचला जातो आणि आरोहक तितकाच अधिक खाली येतो.

खाली उतरवताना दोराचे टोक उपकरणातून निसटून जाणे हा अपघात पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. ६० मीटर दोराने ३५ मीटरच्या मार्गावरून कोणालाही जमिनीपर्यंत उतरवता येत नाही, कारण दोर वर जाऊन पुन्हा खाली येतो आणि त्यासाठी किमान ७० मीटर दोर लागतो. हा हिशेब चढण्याआधी करावा, आणि हिशेब बरोबर असला तरी मोकळ्या टोकाला गाठ मारून ठेवावी.

साहित्याविषयी

स्वस्तात मिळालेला जुना दोर वापरू नये, कारण त्याचा इतिहास कळत नाही. बॅटरीतील आम्लाने नायलॉन कमकुवत होतो आणि ते नुकसान डोळ्यांना दिसेलच असे नाही. लीड चढाईसाठी, म्हणजे वर जाता जाता दोर आधारांत अडकवत चढण्यासाठी, ईएन ८९२ या युरोपीय मानकाचा डायनॅमिक दोरच लागतो; तो ताणला जाऊन पडण्याचा झटका शोषतो, तर फारसा न ताणणारा स्टॅटिक दोर तो झटका शरीरावर आणि अँकरवर (कातळातील दोर बांधायच्या आधारावर) तसाच जाऊ देतो. कॅराबिनर लांबीच्या दिशेने साधारण २० किलोन्यूटन किंवा अधिक भार पेलतो, पण आडवा फिरला तर हीच क्षमता ७ किलोन्यूटनच्या आसपास उरते, म्हणून भार देण्यापूर्वी त्याची दिशा पाहावी. हार्नेसची झीजही गंभीरपणे घ्यावी. टॉड स्किनर हे नामवंत आरोहक २००६ मध्ये योसेमिटीत झिजलेला बिले लूप तुटून मृत्युमुखी पडले.

बूट बोटे किंचित वाकतील इतके घट्ट असावेत, वेदना होतील इतके नव्हेत. ते घालून मातीत चालू नये आणि चढण्याआधी तळवे पुसावेत.

बोल्डरिंग आणि बोटांची दुखापत

उंची कमी असल्याने बोल्डरिंग, म्हणजे दोराविना छोट्या कातळावर चढणे, निर्धोक वाटते, पण येथे प्रत्येक पडणे जमिनीपर्यंतचे असते. पडताना हात मागे टेकवण्याची स्वाभाविक प्रवृत्ती मनगट आणि कोपराला महागात पडते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरावे आणि हात छातीजवळ घेऊन पाठीवर लोळून जावे. खालची जागा मोकळी आहे का, मॅटच्या दोन तुकड्यांमध्ये फट आहे का, हे चढण्यापूर्वी पाहावे.

बोटांबाबत घाई करू नये. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, परंतु कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यामुळे ताकद वाढल्याचे जाणवते तेव्हाच बोटे दुखावण्याचा धोका अधिक असतो. बारीक कंगोऱ्यावर बोटे मोडून, त्यांवर अंगठा दाबून धरलेली पकड या पट्ट्यांवर फार ताण टाकते. सुरुवातीला शक्य तेथे मोकळ्या बोटांची पकड वापरावी आणि हँगबोर्डचा (बोटांवर लोंबण्याच्या सरावफळीचा) मोह आवरावा. बोटातून कट्‌ असा आवाज येऊन सूज आली तर त्या दिवसाची चढाई तेथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

भिंतीवरून कातळावर

कृत्रिम भिंतीवर तयार झालेला आरोहक प्रत्येक पकड पक्की असल्याचे गृहीत धरतो. नैसर्गिक कातळावर तसे नसते. शंका आली तर पकडीवर थाप मारून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती सोडून द्यावी, आणि वापरावीच लागली तर बाहेर न ओढता खालच्या दिशेने भार द्यावा. हेल्मेट खाली उभ्या असलेल्या बिलेअरलाही तितकेच आवश्यक आहे, आणि काहीही निसटले तर “दगड!” असे मोठ्याने ओरडावे. वालुकाश्म पाणी शोषल्यावर कमकुवत होतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते, म्हणून पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत, प्रसंगी काही दिवस, त्यावर चढू नये.