जुना लॅपटॉप घेताय? खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह ठेवा

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ला साधारण इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी लागते. त्यामुळे त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप केवळ वयाच्या कारणावरून वापरातून बाहेर पडले. विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीला ही अट नाही. तरीही परवडत असेल तर आठवी पिढीच घ्या. आय५-७३००यूमध्ये दोन कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, आय५-८२५०यूमध्ये चार. त्याच वर्गातल्या प्रोसेसरची एवढी मोठी उडी त्याआधी बरीच वर्षं झाली नव्हती. पिढी नावातच असते: ८२५०मधला पहिला ८.

मॉडेल. ऑफिससाठी बनलेली यंत्रं बघा: थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५. कंपन्या ही हजारोंनी घेतात, त्यामुळे लिनक्सचे ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) त्यांवर घासूनपुसून झालेले असतात आणि सुटे भागही मिळतात. रॅमचं मात्र नीट बघा. टी४८०मध्ये रॅमच्या दोन पट्ट्या बदलता येतात, टी४८०एसमध्ये एक मदरबोर्डवरच डकवलेली, तर थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये सगळीच. शेवटच्यात ८ जीबी असेल तर ती कायमची ८च. वेगळं एनव्हिडिया ग्राफिक्स नको. बॅटरीही खातं आणि ड्रायव्हरचा तापही देतं. वायफाय कार्ड इंटेलचं असलेलं बरं, ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डासाठी बहुधा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालेल असं धरूच नका.

घरची तयारी. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्तीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण प्रत) बलेना एचर या प्रोग्रॅमने उतरवा. फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होणार नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

दुकानात. आधी मशीन सुरू होतानाच की दाबून बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्जचा पडदा) उघडा: लेनोव्होवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. कंपनीतून आलेल्या मशीनवर तो राहून गेलेला असतो आणि थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड (बायोसचं कुलूप) बोर्डवरचा सेल काढूनही जात नाही. ‘नंतर काढून देतो’ यावर विसंबू नका.

मग मशीन पुन्हा सुरू करताना एफ१२ (एचपीवर एफ९) दाबून पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. पेनड्राइव्ह लावू देत नाहीत? पुढचं दुकान गाठा.

मिंट उघडल्यावर वायफाय जोडा, आवाज, कॅमेरा आणि माइक तपासा. टेक्स्ट एडिटर उघडून प्रत्येक की दाबा. स्पेसबारची दोन्ही टोकं वेगवेगळी दाबून बघा. झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. स्क्रीन काळीच राहिली किंवा वायफाय परत आलं नाही, तर हा त्रास रोज होणार. पुढे वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. पंखा सतत किंचाळत असेल तर आत धूळ साचलीय किंवा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय. दुरुस्ती किरकोळ आहे, पण भाव पाडायला उपयोगी.

बॅटरीसाठी ‘पॉवर स्टॅटिस्टिक्स’ उघडा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता हे दोन आकडे दिसतात. मूळ ४८ वॉट-तास असून आता २४ असेल, तर निम्मी बॅटरी संपली. नवीची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करून बोला. टी४८०मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत, एक बाहेर. दोन्हींचे आकडे घ्या, विक्रेता त्यातली चांगली तेवढीच दाखवतो.

टी४८०ला आणखी एक दुखणं आहे. थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या चिपमधल्या जुन्या फर्मवेअरमुळे (आतल्या सॉफ्टवेअरमुळे) टाइप-सी पोर्ट बिघडतो, कधी चार्जिंगच थांबतं. लेनोव्होने सुधारित फर्मवेअर दिलं; मात्र आधीच बिघडलेला पोर्ट त्याने बरा होईलच असं नाही. चार्जर दोन्ही टाइप-सी पोर्टांत आळीपाळीने लावून बघा.

स्क्रीन बाजूने बघा. रंग फिके पडून उलटेपालटे झाले तर पॅनल टीएन प्रकारचं आहे. दिवसभर वाचायचं असेल तर १९२०×१०८०च्या आयपीएस पॅनलचाच (बाजूनेही रंग टिकणाऱ्या) हट्ट धरा. पांढरी स्क्रीन पूर्ण उघडून डाग शोधा.

बिलावर मशीनच्या तळाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि बायोसमधल्या नंबराशी ताडून बघा. चार्जर ६५ वॉटचा आहे ना, हेही पिशवीत भरण्याआधी वाचा.