रिदम मशीन लावताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की दरवर्षी तेच. कुडाळ-कणकवलीकडची पोरं नवं रिदम मशीन (भरलेला ताल आपोआप वाजवणारं यंत्र) घेतात, दोन दिवस खोक्यावरून हात फिरवतात आणि तिसऱ्या दिवशी मला फोन करतात, "काका, मशीन ताल सोडतंय." मी वीस वर्षं भजनांना आणि ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवतोय. मशीन ताल सोडत नाही. आपण भरलं तेच ते पुन्हा पुन्हा वाजवतं. भरताना काय चुकलं, ते शोधायचं.

सोळा घरांत दादरा

ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता पॅटर्न ऐकायच्या आधी घरं मोजतो. 1980 साली आलेल्या रोलँड टीआर-808 या रिदम मशीनवर 16 बटणांची ओळ होती; एक बटण म्हणजे एक घर, ठोका भरायची एक जागा. आजची बरीच मशीन आणि मोबाईलवरची ॲप तीच मांडणी दाखवतात. केरवा त्यात चपखल बसतो: आठ मात्रा (धा गे ना ति, न क धि न), दर मात्रेला दोन घरं. दादऱ्याच्या सहा मात्रांना 12 घरंच लागतात. उरलेली चार रिकामी दिसली की नवशिक्याचा हात शिवशिवतो आणि तो तिथेही काहीतरी भरतो.

कणकवलीजवळच्या एका गावात सप्ताह होता. पखवाजवाला वाटेत अडकला, म्हणून एका मुलाने मशीन लावलं. बुवांनी दादऱ्यातला अभंग घेतला. सुरुवात बरोबर झाली, मग गडबडलं, मग पुन्हा बरोबर. दर थोड्या वेळाने सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जुळायची, मुलगा हसून माझ्याकडे बघायचा आणि लगेच सगळं विस्कटायचं. अर्धे झांजवाले बुवांबरोबर, अर्धे मशीनबरोबर. शेवटी बुवांनी पेटीवरचा हात उचलला, "अरे, सम खंय गेली?"

मुलगा म्हणाला मशीनमध्ये बिघाड आहे, नाहीतर मधेमधे बरोबर कसं आलं असतं? ते बरोबर येणंच चुकीचा पुरावा होतं. मशीनचा फेरा आठ मात्रांचा, बुवांचा सहाचा. दोघांची सम 24 मात्रांनी एकत्र येणार. लय मिनिटाला 120 मात्रांची होती, म्हणजे बरोबर 12 सेकंदांनी. तुमचंही "कधी जुळतं, कधी नाही" असं होत असेल तर वायर हलवू नका, पॅटर्नची लांबी बघा. शेवटचं घर कोणतं ते मशीनला सांगायची सोय असते. कुठे तिला लास्ट स्टेप म्हणतात, कुठे लेंग्थ. तिथे 12 करा.

त्या रात्री मी मशीनचा आवाज बंद केला आणि पॅडवर हाताने दादरा धरला. सकाळी त्या मुलाला खळ्यात बसवून 12 सुपाऱ्या ओळीने मांडल्या. पहिलीवर धा, तिसरीवर धी, पाचवीवर ना, सातवीवर धा, नववीवर ती, अकरावीवर ना. बोटाने सुपारीला शिवायचं आणि तोंडाने बोल म्हणायचा. अर्ध्या तासाने तो न अडखळता म्हणायला लागला, तेव्हा मशीन पुढ्यात दिलं. माझी सवय आजही तीच आहे: जो ताल तोंडाने दहा आवर्तनं म्हणता येत नाही, तो मशीनमध्ये भरायचा नाही. पोरांना हे लांबचं वाटतं, त्यांना तयार लूप हवा असतो. पण लूप मधेच चुकला तर तो कुठे पकडायचा हे फक्त तोंडात ताल असलेल्यालाच कळतं.

पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात किक

किक म्हणजे मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका. डीजेच्या गाण्याला हे ठीक आहे. केरव्यात पाचव्या मात्रेला, म्हणजे नवव्या घरात, 'खाली' असते, म्हणजे तालाची हलकी, बिनखर्जाची जागा. तिथे डग्ग्याची घुमारी नको. तिथेच दणका दिलात तर केरव्याची चालच मोडते. खर्ज पुन्हा सातव्या मात्रेच्या धि वर, तेराव्या घरात, येऊ द्या.

सगळे ठोके एकाच जोराचे

पुष्कळ मशीनमध्ये ठोक्याचा जोर 127 पर्यंत भरता येतो. नवशिके सगळं 127 वर ठेवतात आणि मग तबला लाकडी वाटतो म्हणून आवाज बदलत बसतात. मी केरव्यात धा 110, गे 70, ना 95 आणि सहाव्या मात्रेचा क फक्त 45 ठेवतो. तो क बाहेर ऐकू आला नाही तरी चालेल, पण काढून टाकलात की लगेच पोकळी जाणवते.

त्याचाच भाऊ म्हणजे प्रत्येक ठोका रेषेवर ओढून सरळ करणं. रॉजर लिन यांनी 1980 च्या आपल्या एलएम-1 या मशीनमध्ये ठोके सरळ करायची सोय दिली, तेव्हा सोबत शफल, म्हणजे मधले ठोके किंचित उशिरा टाकायची सोयही दिली होती. आपल्या पोरांना पहिलं बटण सापडतं, दुसऱ्याकडे कुणी जात नाही. भजनी ठेक्याला मी स्विंग (शफलचंच दुसरं नाव) 56 ते 60 टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. त्यापुढे तो लंगडायला लागतो.

तबल्याचा सूर न लावणं

पेटी काळी दोनमध्ये आणि मशीनचा तबला पांढरी चारमध्ये, हे ऐकवत नाही. ट्यूनमध्ये तबला दोन अर्धस्वर खाली आणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

जाखडीत लय आकड्याने बांधणं

जाखडी हा कोकणातला लोकनाच. त्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सामन्याच्या, कार्यक्रमात हल्ली पॅड असतोच. सरावाला 104 लावलं म्हणून कार्यक्रमातही शेवटपर्यंत 104, असं करू नका. गाणारे-वाजवणारे मधे बसलेले आणि नाचणारे भोवती फिरतात. नाच रंगला की पावलं लय वर ओढतात. मशीन जागेवर राहिलं तर घुंगरू पुढे आणि ठोका मागे. मी समोरून जाणाऱ्या गड्याच्या चाळ बांधलेल्या पायावर नजर ठेवतो आणि टॅप टेम्पोवर, म्हणजे बोटाच्या ठोक्यांवरून लय धरणाऱ्या बटणावर, चार वेळा बोट मारतो. एका वेळी दोन-तीन आकड्यांपेक्षा जास्त चढवत नाही, नाहीतर ढोलकीवाला दचकतो.

लांबच्या स्पीकरवर ताल धरणं

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्पीकर 20 मीटरवर असेल तर ठोका तुमच्या कानाशी 58 मिलिसेकंद उशिरा येतो. लय 120 ला धरली आणि मात्रेची चार घरं केली तर एक घर 125 मिलिसेकंदांचं, म्हणजे जवळजवळ अर्धं घर गेलं. छोटा मॉनिटर पायाशी ठेवा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मुळातच उशिरा येतो, तो तर सरावालाही नको.

सेव्ह न करता उठणं

पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. प्रत्येक आवर्तन जमलं की सेव्ह. जुन्या मशीनमधली मेमरीची बॅटरी संपली की सगळे ताल जातात, म्हणून मी बोल आणि घरांचे आकडे वहीत लिहून ठेवतो. दुसऱ्याचा ॲडॅप्टर लावताना व्होल्टसोबत अधिक-उण्याची खूणही जुळवून बघा.

खारी हवा बटणांत शिरते. कार्यक्रम झाला की सुक्या फडक्याने पुसा आणि मशीन ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्या श्रावणात दोनदा बदला.